वहींतले साडेपांच तास



घड्याळाची वेळ हा विषय इतका रोजच्या परिचयाचा आहे, कीं त्यावर कोणी भाषण करावें असें सहसा वाटणार नाहीं. चौतीस वर्षें शाळेंत तासांच्या घंटा ऐकण्यांत घालविलेल्या मलाही तें कधीं वाटलें नव्हतें. परंतु गेल्या पावसाळ्यांत आमच्या मालवणांत एक प्रकार असा घडला, कीं आपण वहींत वेळ लिहितों म्हणजे नेमकें काय लिहितों, हें मला निवृत्तीनंतर पुन्हां नव्यानें शिकावें लागलें. माझें स्वतःचें शिक्षण मॅट्रिकपर्यंतचें. संगणकाच्या शास्त्रांत मला गति आहे असा माझा दावा नाहीं. पण जें समजलें तें घरांत बसून ऐकणाऱ्या कोणासही समजेल अशा रीतीनें सांगण्याचा यत्न करतों.

आमच्या किनाऱ्यावरील एका सहकारी संस्थेचा चिटणीस हा माझा जुना विद्यार्थी. संस्था आपल्या सभासदांच्या मासेमारी नौकांना डिझेल पुरविते. जाळीं, दोर वगैरे सामानही तिच्या दुकानांत मिळतें. पूर्वीं सर्व हिशेब लाल कापडाच्या वह्यांत असे. आतां तो संगणकांतल्या वहींत असतो. या वहीला डेटाबेस म्हणतात. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यांत हा चिटणीस सकाळींच माझ्या ओटीवर येऊन बसला आणि म्हणाला, “गुरुजी, आमचा घड्याळ खुळावला.”

त्याचें गाऱ्हाणें असें होतें. पावसाळ्यांत यांत्रिक नौकांना मासेमारीची बंदी असते. ३१ जुलैच्या मध्यरात्रीं ती बंदी उठली. दोन महिने ताटकळलेले ट्रॉलर बारा वाजण्याची वाट पाहत जेटीला रांग लावून उभे होते. साडेबाराच्या सुमारास डिझेल देण्यास आरंभ झाला आणि उजाडेपर्यंत चाळीसएक नौकांनीं तें घेतलें. दुसऱ्या दिवशीं वही उघडून पाहतात तों साडेबाराला दिलेलें डिझेल ३१ जुलैच्या सायंकाळीं सात वाजतां दिल्याची नोंद! पहाटें चारचें डिझेल आदल्या रात्रीं साडेदहाचें! म्हणजे ज्यांनीं कायदा काटेकोरपणें पाळला, बारा वाजेपर्यंत दोर सोडला नाहीं, त्यांच्याच नांवावर बंदीच्या काळांत डिझेल भरल्याचा पुरावा तयार. आणि मच्छीमारांच्या डिझेलवरील कराचा परतावा सरकारकडून मिळतो, तो याच वहीच्या आधारें मागावयाचा. बंदीच्या तारखेचें डिझेल दाखवून परतावा कोण देणार? एकेका नौकेमागें हजारों रुपयांचा प्रश्न होता, आणि दोन महिने बसून खाल्लेल्या घरांत हजार रुपये म्हणजे काय हें मीं शहरवासी श्रोत्यांस सांगावयास नको असें नाहीं. तें थोडें सांगावयासच हवें. गणपति तोंडावर आलेले असतात, शाळेच्या वह्या-पुस्तकांची उधारी थकलेली असते, आणि खलाशांस उचल द्यावयाची असते.

मीं त्यास पहिला प्रश्न विचारला तो गणिताच्या मास्तरास शोभेल असाच होता. “चूक सारखी आहे कीं कमीजास्त?” चूक अगदीं सारखी होती. प्रत्येक नोंद बरोबर साडेपांच तास मागें. साडेपांच तास हा आंकडा आपल्या ओळखीचा आहे. ग्रीनिचच्या वेळेहून भारतीय प्रमाणवेळ तितकीच पुढें आहे. म्हणजे घड्याळ खुळावलेलें नव्हतें. तें फार तर विलायतेस जाऊन आलें होतें.

येथें थोडें मूळ तत्त्व सांगतों. पृथ्वी चोवीस तासांत ३६० अंश फिरते, म्हणजे एका अंशास चार मिनिटें लागतात. भारताची प्रमाणवेळ साडेब्याऐंशी अंश रेखांशाची. ती रेषा मिर्झापूरजवळून जाते. मालवण सुमारें साडेत्र्याहत्तर अंशांवर आहे. नऊ अंशांचें अंतर, म्हणून आमचा सूर्य प्रमाणवेळेच्या छत्तीस मिनिटें मागें चालतो. सिंधुदुर्गाच्या तटाला दर्यावर्दी वळसा घालीत त्या काळीं ही छत्तीस मिनिटें कोणास ठाऊक नव्हतीं आणि कोणाचें अडतही नव्हतें. आगगाडी आणि तारायंत्र आल्यावर अडूं लागलें. १८८४ सालीं वॉशिंग्टन येथील परिषदेनें ग्रीनिचची रेषा शून्य मानली आणि पुढें एकेक देश तिच्याशीं आपलें घड्याळ जुळवूं लागला.

आपल्याकडे हें जुळविणें सुखासुखीं झालें नाहीं. मुंबईची स्वतःची वेळ होती, ग्रीनिचच्या ४ तास ५१ मिनिटें पुढें. कलकत्त्याची वेगळी, मद्रासची वेगळी. रेल्वे मद्रासच्या वेळेनें चाले. १८८१ सालीं मुंबईवर मद्रासची वेळ लादण्याचा सरकारी यत्न झाला, तो लोकांच्या विरोधापुढें टिकला नाहीं. १ जानेवारी १९०६ पासून साऱ्या देशास साडेपांच तासांची प्रमाणवेळ लागू झाली, तरी मुंबईच्या नगरपालिकेनें आपलीच वेळ पुढें चालविली आणि शहरांत दोन वेळा नांदूं लागल्या. त्यांत फरक एकूणचाळीस मिनिटांचा! कलकत्त्याची वेळ १९४८ पर्यंत राहिली, मुंबईची १९५५ पर्यंत. जुन्या लग्नपत्रिका कोणी जपून ठेवल्या असतील तर त्यांत मुहूर्तापुढें ‘स्टँ. टा.’ अशीं दोन अक्षरें आढळतील. आजच्या मुलांना तीं कोड्यांत टाकतात. पण त्या काळीं तीं नसतीं तर निम्मे वऱ्हाडी अक्षता पडल्यावर मांडवांत आले असते.

हीं दोन अक्षरें ध्यानांत ठेवावीं, कारण आमच्या संस्थेच्या वहींत नेमकीं तींच नव्हतीं. डेटाबेसांत वेळ दोन प्रकारांनीं ठेवतां येते. एका प्रकारांत नुसते आंकडे लिहिले जातात: अमुक तारीख, अमुक तास, अमुक मिनिटें. ती वेळ मालवणची कीं लंडनची हें कोठेंही नमूद नसतें; ‘स्टँ. टा.’ न छापलेल्या लग्नपत्रिकेसारखेंच तें झालें. दुसऱ्या प्रकारांत यंत्र तो क्षण ग्रीनिचच्या हिशेबानें मोजून ठेवतें आणि दाखवितांना पाहणाऱ्याच्या गांवच्या वेळेंत फिरवून दाखवितें. दुसरा प्रकार निर्धोक. पहिला सोपा, म्हणून कित्येक जुन्या वह्या पहिल्याच प्रकारच्या आहेत. वहीचें यंत्र भारतीय वेळेवर लावलेलें आहे तोंवर त्यांतही कांहीं बिघडत नाहीं.

बिघडलें तें जुलैमध्यें. बंदीमुळें काम कमी, म्हणून संस्थेनें त्या महिन्यांतील एका गुरुवारीं दुपारीं वहीची जुनी प्रणाली काढून नवी आवृत्ति बसवून घेतली. बसविणाऱ्या तरुणानें जुन्या कपाटांतील सर्व वह्या नव्या कपाटांत बिनचूक हलविल्या. एक पानही गहाळ झालें नाहीं. पण जुन्या कपाटाच्या दारावर ‘येथील घड्याळ भारतीय वेळेचें’ अशी जी चिठी लावलेली असते, ती जुन्याच दारावर राहिली. पोस्टग्रेससारख्या प्रणालींत असें होतें. माहिती एका आवृत्तींतून दुसऱ्या आवृत्तींत जाते, परंतु मांडणीचे नियम ज्या फायलींत असतात ती फाईल नवी कोरी निर्माण होते. हें एक कारण झालें. दुसरें याहून गमतीचें आहे, आणि तें मला फार उशिरां समजलें.

नवी प्रणाली बसविल्यावर दुकानांतला बिलाचा संगणक वहीशीं बोलेचना. तो वहीला सांगे कीं मी ‘एशिया/कलकत्ता’ या वेळेचा आहें, आणि वही उत्तर देई कीं या नांवाची वेळ मला ठाऊक नाहीं. मालवणच्या जेटीवर डिझेल मोजणाऱ्या यंत्रास कलकत्त्याचें नांव कशाला, असें मलाही प्रथम वाटलें. त्याचा इतिहास असा. जगांतील कोणत्या प्रदेशांत केव्हां कोणती वेळ होती याची एक मोठी यादी आहे. आर्थर डेव्हिड ओल्सन या अमेरिकन गृहस्थानें १९८०च्या दशकांत तिचा पाया घातला, पुढें पॉल एगर्ट यांनीं ती सांभाळली, आणि २०११ पासून ती इंटरनेटचे क्रमांक व नांवें नेमून देणाऱ्या संस्थेच्या आश्रयाखालीं आहे. जगांतले बहुतेक संगणक वेळेसाठीं हीच यादी वापरतात. तींत देशाचें नांव घालीत नाहींत, त्या प्रदेशांतील एखाद्या मोठ्या शहराचें घालतात. कारण देशांच्या सीमा आणि नांवें बदलतात, शहर सहसा जागचें हलत नाहीं. भारतासाठीं त्यांनीं कलकत्ता घेतलें. शहर हललें नाहीं हें खरें, पण २००१ सालीं त्याचें नांवच बदललें! मग यादींतही कांहीं वर्षांनीं ‘कोलकाता’ आलें, आणि ‘कलकत्ता’ हें जुनें नांव पर्याय म्हणून मागच्या पानावर राहिलें.

बरींच वर्षें दोन्हीं नांवें चालत. अलीकडे मात्र, ज्या मोफत प्रणालींवर हीं यंत्रें चालतात त्यांपैकीं कांहींच्या नव्या आवृत्तींत, उदाहरणार्थ उबुंटूच्या २०२४ सालच्या आवृत्तींत, जुन्या नांवांचें पान मूळ यादींतून काढून वेगळ्या पुडींत बांधलें गेलें. ती पुडी आपण होऊन मागून घ्यावी लागते. इकडे विंडोजवर चालणाऱ्या कित्येक कार्यक्रमांना भारताची वेळ अजून कलकत्ता याच नांवानें ठाऊक आहे. म्हणजे सरकारी कागदांत नांव बदललेला मनुष्य आणि जुन्याच नांवानें त्यास हाक मारणारा शेजारी, असा हा प्रकार. शाळेच्या दाखल्यावरील नांव आणि रेशनकार्डावरील नांव यांत एका वेलांटीचा फरक पडल्यामुळें तालुक्याचे खेटे घालणारे पालक मीं पुष्कळ पाहिले आहेत. यंत्रांच्या जगांतही तोच तालुका आहे हें मात्र नवल.

त्या तरुणास खरें म्हणजे ‘कलकत्ता’ काढून ‘कोलकाता’ लिहावयाचें होतें, किंवा ती जुन्या नांवांची पुडी मागवावयाची होती. दोन्हीं कामें पांच मिनिटांचीं. पण सायंकाळची गाडी पकडण्याची घाई असावी. त्यानें बिलाच्या संगणकास सांगितलें, कीं तूर्त तूं आपली वेळ ‘यूटीसी’ सांग. यूटीसी म्हणजे ग्रीनिचच्या वेळेचा आजचा अवतार. तें नांव कोणतीही वही नाकारीत नाहीं. दार उघडलें, बिलें निघूं लागलीं, सर्वांस समाधान वाटलें. त्या क्षणापासून वहींत ग्रीनिचचे आंकडे पडूं लागले. दुकान सकाळीं नऊला उघडे आणि आठला बंद होई, म्हणून तारीख चुकत नसे. केवळ तास चुकत, आणि जुलैमध्यें तिकडे कोणी पाहिलें नाहीं. मध्यरात्रीचें पहिलें गिऱ्हाईक १ ऑगस्टला आलें, तेव्हां चूक उजेडांत आली.

वहीचा दिवस आतां मध्यरात्रीं न बदलतां पहाटें साडेपांच वाजतां बदलत होता. हें ऐकून मला माझ्या आजीची आठवण झाली. तिच्या लेखीं वार सूर्योदयास बदले. पहाटें तीनला जन्मलेलें मूल घड्याळानें मंगळवारचें असलें तरी तिच्या हिशेबीं सोमवारचेंच. पंचांगाची रीत तीच आहे. तेव्हां इतकें द्राविडी प्राणायाम करून यंत्र आजीच्या मतास येऊन पोंचलें असें म्हणावयास हरकत नाहीं. परंतु परताव्याचा अर्ज आजीकडे करावयाचा नव्हता.

यापुढें जें झालें तें मूळ चुकीहून वाईट. चिटणीसास कारण कळतांच त्यानें उत्साहाच्या भरांत वहींतील प्रत्येक नोंदींत साडेपांच तास मिळविण्याची आज्ञा यंत्रास दिली. यंत्र आज्ञाधारक असतें. नव्या नोंदी सुधारल्या. पण जुन्या, म्हणजे प्रणाली बदलण्यापूर्वींच्या नोंदी मुळांत बरोबर होत्या, त्याही साडेपांच तास पुढें सरकल्या. सायंकाळीं साडेसहानंतरची प्रत्येक विक्री दुसऱ्या दिवसावर गेली. ३१ मार्चच्या सायंकाळीं सातची विक्री १ एप्रिलच्या मध्यरात्रीनंतर साडेबारावर, म्हणजे पुढल्या आर्थिक वर्षांत! लेखापरीक्षा झालेल्या वर्षाची शिल्लक जुळेनाशी झाली. सुदैवानें आदल्या रात्रीची प्रत काढून ठेवलेली होती, ती परत बसविली.

मग प्रश्न उरला तो असा, कीं बरोबर नोंदी कोठें संपतात आणि चुकीच्या कोठें सुरू होतात? वाटतें तितकें हें सोपें नाहीं. प्रणाली गुरुवारीं दुपारीं दोन वाजतां बदलली. अडीच वाजतां झालेल्या विक्रीवर नऊची वेळ पडली. पण त्याच सकाळीं नऊ वाजतां खरोखरची विक्रीही झालेली होती. म्हणजे नुसत्या वेळेकडे पाहिलें तर सकाळच्या खऱ्या नोंदी आणि दुपारच्या खोट्या नोंदी एकमेकींत मिसळून गेलेल्या. कोणती कोणत्या बाजूची हें सांगतां येईना. येथें उपयोगी पडला पावतीचा अनुक्रमांक. शाळेच्या जनरल रजिस्टरांत जसा दाखल नंबर, तसा तो. घड्याळ मागें जावो कीं पुढें जावो, एकदां दिलेला नंबर मागें येत नाहीं. पंपावरचा म्हातारा कामगार यंत्रावर विश्वास नसल्यामुळें स्वतःच्या शंभर पानी वहींत नौकेचें नांव, लिटर आणि भिंतीवरील घड्याळाची वेळ पेन्सिलीनें टिपून ठेवीत असे. तिच्याशीं ताडून पाहतां सीमेवरची पावती सांपडली. तिच्यापुढील नंबरांच्या नोंदींत तेवढे साडेपांच तास मिळविले आणि मागच्यांस हात लावला नाहीं.

ज्या घरांत शाळा, बँक किंवा कचेरी यांतील कोणी असेल त्यांनीं जन्मतारखेकडे विशेष लक्ष द्यावें. कित्येक वह्यांत जन्मतारीख ही नुसती तारीख म्हणून न ठेवतां, त्या दिवसाच्या मध्यरात्रीचा क्षण म्हणून ठेवलेली असते. २ जून १९७०ची मध्यरात्र ग्रीनिचच्या हिशेबानें १ जूनच्या सायंकाळचे साडेसहा. वहीचें घड्याळ ग्रीनिचवर गेलें, कीं मनुष्य एक दिवस आधीं जन्मतो. यानें काय होणार असें कोणी म्हणेल. सरकारी नोकर ज्या महिन्यांत वयाची मर्यादा पुरी करतो त्या महिन्याच्या अखेरीस निवृत्त होतो. परंतु जन्म महिन्याच्या एक तारखेचा असेल तर आदल्या महिन्याच्या अखेरीस. म्हणजे २ जूनचा मनुष्य ३० जूनला घरीं जातो, आणि १ जूनचा ३१ मेला. एका दिवसाच्या चुकीनें एका महिन्याचा पगार गेला! आतां खेड्यापाड्यांत निम्म्या लोकांची जन्मतारीख १ जूनच असते, कारण आईबापांस तारीख आठवत नसे आणि मास्तर तीच लिहून मोकळा होई. मींही तशा लिहिल्या आहेत. ते ३१ मेचे झाले तरी निवृत्तीची तारीख तीच राहते. तेवढ्यापुरतें आम्हां मास्तरांचें पाप यंत्रानें पोटांत घातलें.

याहून सूक्ष्म फेरा महायुद्धाच्या काळांतील जन्मांचा आहे. १ सप्टेंबर १९४२ पासून १५ ऑक्टोबर १९४५ पर्यंत हिंदुस्थानांतील घड्याळें आणखी एक तास पुढें, म्हणजे ग्रीनिचच्या साडेसहा तास पुढें होतीं. त्या यादींत ही नोंद आहे. समजा, यादी जाणणाऱ्या यंत्रानें २ ऑक्टोबर १९४३ची मध्यरात्र ग्रीनिचच्या आदल्या सायंकाळचे साडेपांच अशी लिहून ठेवली. पुढें प्रणाली बदलली, आणि नव्या यंत्रास केवळ साडेपांच तासांचाच नियम ठाऊक असला, तर तें वाचणार १ ऑक्टोबर, रात्रींचे अकरा. बाकी बहुतेकांच्या जन्मतारखा बरोबर आणि या तीन वर्षांत जन्मलेल्या वृद्धांच्या मात्र एक दिवस मागें! तपासणारा शंभर नोंदी पाहून निश्चिंत होतो, कारण त्या शंभरांत असा वृद्ध बहुधा नसतो. मग बँकेंतील तारीख आणि आधारकार्डावरील तारीख जुळत नाहीं म्हणून त्यालाच कोणाच्या तरी खांद्यास धरून कचेरींत यावें लागतें. मुंबईच्या त्या एकूणचाळीस मिनिटांची मात्र यादींत स्वतंत्र ओळ नाहीं. साऱ्या भारतास कोलकाता हें एकच नांव.

म्हणून आपल्या संस्थेंत नवी आवृत्ति बसणार असेल तेव्हां आधीं प्रत काढावी, आणि पांच-सहा नोंदी कागदावर लिहून ठेवाव्या: एक मध्यरात्रीनंतरची, एक ३१ मार्चच्या रात्रीची, एक १९४३ सालच्या जन्माची. काम आटोपल्यावर त्याच उघडून पाहाव्या, आणि बसविणाऱ्या मनुष्याची गाडी त्यानंतरची असावी. जन्मतारीख तारीख म्हणूनच ठेवावी, तिला तास-मिनिटें चिकटवूं नयेत. घडलेल्या व्यवहाराची वेळ ठेवावयाची ती ग्रीनिचशीं नातें सांगणाऱ्या प्रकारांत ठेवावी.

आमच्या संस्थेचे परताव्याचे अर्ज सुधारून गेले. त्यांना त्या शंभर पानी वहीच्या पानांच्या नकला जोडल्या. डिझेलच्या पावतीवर वेळेपुढें आतां ‘भा. प्र. वे.’ अशीं अक्षरें छापून येतात. पंपावरच्या म्हाताऱ्यास तीं कोणा नव्या कराचीं वाटतात. मीं त्यास दोनदां समजावून सांगितलें. पण तो पेन्सिल खालीं ठेवावयास अजून तयार नाहीं, आणि चिटणीसानेंही त्यास यंदा नवी वही आणून दिली आहे.